उतारावर घर बांधताय? जेसीबी बोलावण्याआधी पाया कशावर टेकणार ते बघा

महाड : डोंगरउतारावर घर बांधायचं ठरलं की पहिला फोन बहुतेक वेळा जेसीबीवाल्याला जातो. तो येतो, डोंगराकडची माती कापतो, दरीकडच्या बाजूला लोटतो आणि दोन-तीन तासांत घरापुरती सपाट जागा तयार करून निघून जातो. दुसऱ्या दिवशी चुना टाकून आखणी होते आणि पायाचं काम सुरू होतं. बघणाऱ्याला जागा छान सपाट दिसते. पण या सपाट जागेचा मागचा अर्धा भाग डोंगराचा मूळ कठीण भाग असतो, तर पुढचा अर्धा भाग काल लोटलेली सैल माती असते. एकाच घराचा एक पाय दगडावर आणि एक पाय मातीच्या ढिगावर पडतो.

पहिला पावसाळा निभावतो. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात पुढच्या खोलीच्या भिंतीला तिरकी चीर पडते, दार घासायला लागतं, अंगणाची फरशी खाली बसते. मग गवंड्याला दोष दिला जातो, सिमेंट कमी टाकलं म्हणून भांडणं होतात. खरं तर चूक भिंतीत नसते. पाया कशावर टेकवला, तिथे ती झालेली असते.

महाड, पोलादपूर, म्हसळा, पलीकडे खेड, चिपळूण आणि घाटावर पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांत शेकडो वाड्या उतारावरच वसलेल्या आहेत. सपाट जागा मिळाली ती भातशेतीला ठेवली आणि घरं डोंगराच्या अंगाला बांधली, अशी इथली जुनी रीत. त्यामुळे ‘उतारावर बांधूच नका’ असं सांगून इथे भागत नाही. उतारावरच बांधायचं असेल तर कसला पाया घ्यायचा, हे समजून घेणं जास्त गरजेचं आहे.

पाया दरड थांबवत नाही

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट हवी. पाया कितीही मजबूत असला तरी वरून येणारी दरड तो अडवू शकत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातलं तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. या ठिकाणी डोंगराचा भागच वस्तीवर आला. तिथे कोणाच्या घराचा पाया किती खोल होता, याने काही फरक पडला नसता.

म्हणून पायाचा विचार करण्याआधी जागेचा विचार. घराच्या वर उभा कडा किंवा सुट्या दगडांचा उतार आहे का? जागा घळीच्या तोंडाशी, म्हणजे पावसाळ्यात पऱ्या किंवा वहाळ जिथून खाली उतरतो तिथे आहे का? आधी कधी तिथे माती घसरल्याचं जुनी माणसं सांगतात का? वरच्या जमिनीला पावसाळ्यात अर्धवर्तुळाकार भेगा पडतात का? यांपैकी एकाचं जरी उत्तर ‘हो’ असेल तर पायावर खर्च करण्याआधी जागा बदलता येईल का ते बघायला हवं. दरडप्रवण गावांची यादी तहसील कार्यालयात असते. मात्र यादीत गावाचं नाव नाही म्हणून निश्चिंत होता येत नाही. इर्शाळवाडीचं नावही संभाव्य धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हतं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या केंद्र सरकारच्या संस्थेने देशभरातल्या डोंगराळ भागांचे दरडप्रवणतेचे नकाशे तयार केले आहेत. २०२४ मध्ये याच संस्थेने ‘भूसंकेत’ हे पोर्टल आणि ‘भूस्खलन’ हे मोबाइल ॲप सुरू केलं. नकाशा मोठ्या परिसराचा अंदाज देतो, एकेका घराच्या जागेचा निवाडा करत नाही. पण आपली वाडी कोणत्या पट्ट्यात येते, एवढं तरी त्यावरून कळतं.

उतार नजरेने नको, नळीने मोजा

‘थोडासाच उतार आहे’ हे वाक्य प्रत्येक जागेबद्दल ऐकू येतं. उतार मोजायला इंजिनिअरच लागतो असं नाही. गवंड्याकडची पाण्याची नळी, म्हणजे लेव्हल पाईप, दोन काठ्या आणि टेप पुरे. वरच्या काठीपासून आडव्या रेषेत बरोबर १० फूट पुढे दुसरी काठी उभी करायची आणि नळीने पातळी जुळवून तिथली जमीन किती खाली आहे ते मोजायचं.

१० फुटांत १ फूट जमीन उतरली तर उतार सौम्य. २ फूट म्हणजे पाचास एक. विकास नियमावलीत याहून जास्त उताराच्या डोंगरजमिनीवर नवीन बांधकामाला बंधने आहेत. त्यामुळे गावठाणाबाहेर बांधायचं असेल तर परवानगीची चौकशी आधी करावी. १० फुटांत ३ ते ५ फूट म्हणजे चांगलाच तीव्र उतार. आणि १० फुटांत ६ फूट किंवा जास्त असेल तर तो उतार ३० अंशांच्या पुढे जातो. तिथे साध्या पायाचं घर बसवणं धोक्याचं.

हे शेवटचं वाक्य भीती घालण्यासाठी नाही. पायासंबंधीचं भारतीय मानक, आयएस १९०४, सांगतं की मातीत घेतलेल्या फुटिंगच्या खालच्या कडेपासून ३० अंशांची तिरकी रेषा खाली काढली तर ती जमिनीच्या आतच राहिली पाहिजे. उताराने त्या रेषेला छेदता कामा नये. उतारच ३० अंशांपेक्षा उभा असेल आणि खाली मातीच असेल तर ही रेषा कुठे ना कुठे जमिनीबाहेर येणारच. म्हणजे फुटिंगला खालून पुरेसा आधार नाही.

जमिनीच्या पोटात काय आहे?

सह्याद्रीच्या उतारावर साधारण चार थर भेटतात. सगळ्यात वर सैल माती. तिच्याखाली डोंगरावरून वर्षानुवर्षं घसरून आलेली दगडगोट्यांची मिसळ. मग मुरूम. आणि शेवटी काळा कातळ. घराचा भार घ्यायला घट्ट मुरूम किंवा कातळ लागतो. पहिल्या दोन थरांवर घर टेकवायचं नाही. ते एकदा खाली घसरून आलेले आहेत, पुन्हाही घसरू शकतात.

दोन थर खास लक्षात ठेवण्यासारखे आहेत. जांभ्याच्या भागात चिऱ्याच्या कठीण थराखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी, चिकट मातीचा थर असतो. कोरडा असताना तो घट्ट वाटतो, पाणी मुरलं की साबणासारखा निसरडा होतो. काळ्या कातळाच्या भागात दोन कातळांच्या मध्ये तांबडा मऊ थर सापडतो, त्यावरूनही पाणी पाझरतं. कापात असा थर दिसला तर काम थांबवून जाणकाराला दाखवावं.

पोटात काय आहे हे कळायला चाचणीचे किमान दोन खड्डे घ्यावेत. एक घराच्या डोंगराकडच्या कोपऱ्यात, दुसरा दरीकडच्या कोपऱ्यात. शक्य झालं तर चारही कोपऱ्यांत. एकाच खड्ड्यावरून उताराचा अंदाज येत नाही. वर ३ फुटांवर मुरूम लागतो आणि २० फूट पुढे तोच ७ फुटांवर जातो, असं नेहमी घडतं.

खणताना दगड लागला की ‘कातळ लागला’ म्हणून खड्डा थांबवला जातो. इथेच फसगत होते. तो सुटा धोंडाही असू शकतो. मोठ्या हातोड्याने ठोकून बघावं. अखंड कातळ खणखणीत वाजतो, मातीत रुतलेला धोंडा बद्द वाजतो. खात्री करायची तर दगडाच्या कडेने खणावं. कड संपून खाली परत माती लागली तर तो धोंडा समजावा आणि खड्डा त्याच्याही खाली न्यावा.

घर आडवं ठेवलं की अर्धं काम सोपं

पायाचा प्रकार ठरवण्याआधी घराचा आकार ठरतो आणि तिथेच बराच पैसा वाचतो. समजा, २७० चौरस फुटांचं, म्हणजे साधारण घरकुलाएवढं घर बांधायचं आहे आणि उतार १० फुटांत ३ फूट आहे.

घर १८ बाय १५ फुटांचं घेतलं आणि १५ फुटांची बाजू उताराच्या दिशेने ठेवली तर घराच्या मागच्या आणि पुढच्या कडेत साडेचार फुटांचा फरक पडतो. तेच घर २७ बाय १० असं लांबट घेतलं आणि लांब बाजू डोंगराला समांतर ठेवली तर फरक फक्त ३ फूट. उलट हेच लांबट घर उताराच्या दिशेने उभं ठेवलं तर फरक ८ फुटांच्या वर जातो. क्षेत्रफळ सगळीकडे एकच, पण माती कापणं, भरणं आणि धक्का बांधणं यात जमीन-अस्मानाचा फरक.

उतारावरची जुनी घरं डोंगराला आडवी आणि आतून एक-दोन पायऱ्यांच्या चढउताराची का असायची, ते यावरून कळतं. सगळं घर एका पातळीत हवं हा हट्ट सोडला आणि पुढची खोली मागच्यापेक्षा दोन पायऱ्या खाली घेतली की डोंगर तेवढा कमी कापावा लागतो.

जुन्या आणि नव्या घरात आणखी एक फरक आहे, वजनाचा. कारवीच्या कुडाच्या भिंती आणि वर गवत किंवा कौलं असलेलं घर हलकं होतं, जमीन थोडी हलली तरी ते सांभाळून घ्यायचं. आता २५ चौरस मीटरच्या घरावर ४ इंची स्लॅब टाकला तर नुसत्या स्लॅबचंच वजन ६ टनांच्या पुढे जातं. भिंती आणि बीम वेगळे. आजोबांचं घर ज्या चौथऱ्यावर ५० वर्षं टिकलं, त्याच चौथऱ्यावर स्लॅबचं घर टिकेल असं नाही.

कोणत्या उताराला कोणता पाया

१. पायऱ्यांचा पाया. उतार सौम्य असेल, १० फुटांत १ ते २ फूट, आणि मुरूम ३-४ फुटांत लागत असेल तर चिऱ्याच्या किंवा दगडी भिंतींसाठी हा पाया चांगला आणि स्वस्त. चर उताराबरोबर तिरका खणायचा नाही. जिन्यासारख्या पायऱ्या करत खणायचा. प्रत्येक पायरीचा तळ एकदम आडवा, पाण्याच्या नळीने तपासलेला. एका पायरीची उंची दीड फुटाच्या आत ठेवावी आणि वरच्या पायरीचा थर खालच्या थरावर उंचीच्या निदान दुप्पट चढवावा. पायरी १ फुटाची असेल तर चढ २ फूट. तळ तिरका राहिला तर अख्खी भिंत सावकाश दरीकडे सरकू शकते. पायाची खोली नेहमी दरीकडच्या बाजूने मोजायची. मानकाप्रमाणे ती कमीत कमी ५० सेंटीमीटर हवी, पण आपल्या भागात सैल माती ओलांडून मुरमात शिरायचं तर बहुतेक ठिकाणी त्याहून खोल जावं लागतं.

२. कॉलम आणि फुटिंग. उतार १० फुटांत ३ ते ५ फूट असेल तर डोंगर कापण्यापेक्षा घरालाच पाय देणं बरं. प्रत्येक कॉलमचं फुटिंग आपापल्या पातळीवर मूळ मुरमात किंवा कातळात जातं आणि वर सगळे कॉलम प्लिंथ बीमने एकत्र बांधले जातात. डोंगराकडचे कॉलम आखूड, दरीकडचे उंच. जमिनीचा मूळ उतार जवळजवळ तसाच राहतो आणि पाणी घराखालून वाहून जातं. हीच या पद्धतीची मोठी जमेची बाजू.

यात तीन गोष्टी सांभाळायच्या. एक, शेजारशेजारच्या फुटिंगच्या तळांमध्ये फार फरक नको. दोन फुटिंगच्या कडांमध्ये ८ फूट मोकळं अंतर असेल तर तळांच्या पातळीतला फरक ४ फुटांच्या आत हवा. नाहीतर वरच्या फुटिंगचा भार खालच्या खड्ड्याच्या भिंतीवर येतो. दोन, दरीकडच्या फुटिंगच्या खालच्या कडेपासून उताराच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत आडवं अंतर मातीत किमान ३ फूट आणि कातळात किमान २ फूट राहिलं पाहिजे. शेताच्या बांधाच्या अगदी कडेवर फुटिंग घेतलं तर ते उद्या उघडं पडतं. तीन, भूकंप. हा सगळा पट्टा कोयनेच्या जवळ आहे आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप जुन्या लोकांना अजून आठवतो. जमीन हलली की उंच कॉलम वाकतात, पण आखूड कॉलम ताठ असल्याने सगळा झटका तेच घेतात आणि आधी तेच फुटतात. म्हणून उंच कॉलमना मध्ये आणखी एक बीमचा पट्टा द्यावा. आखूड कॉलममध्ये रिंगा जवळजवळ घ्याव्यात. सळई आणि रिंगांचा हिशेब इंजिनिअरकडूनच करून घ्यावा. ‘शेजारच्याने टाकली तेवढी’ हा हिशेब इथे चालत नाही, कारण शेजारच्याचे कॉलम सपाट जागेवरचे असू शकतात.

३. कातळावरचा पाया. वरची माती काढल्यावर अखंड कातळ लागला तर नशीबच म्हणायचं. पण गुळगुळीत, तिरक्या कातळावर थेट काँक्रीट ओतायचं नाही. कातळ तासून आडवी बैठक करावी, ड्रिलने भोकं पाडून त्यात सळया पक्क्या बसवाव्यात आणि मग फुटिंग घालावं. नाहीतर फुटिंग कातळावर नुसतं ठेवल्यासारखं राहतं.

४. पाइल. कठीण थर १०-१२ फुटांपर्यंत लागतच नसेल तर जमिनीत खोल काँक्रीटचे खांब, म्हणजे पाइल घेता येतात. पण त्याचं मशीन वाडीपर्यंत चढवणं अवघड आणि खर्च साध्या घराला न परवडणारा. इतक्या खोलीपर्यंत सैल मिसळच लागत असेल तर जागा फिरवावी. ते पाइलपेक्षा स्वस्त पडतं.

भरावावर अंगण, मूळ जमिनीवर घर

दरीकडे धक्का बांधून, आत माती भरून सपाटी करायची पद्धत सगळीकडे आहे. धक्का वाईट नाही. पण त्याच्या आतल्या भरावावर भिंत किंवा कॉलम टेकवणं चुकीचं. भरावावर अंगण करावं, खळं करावं, तुळस लावावी. घराचा पाया मात्र भराव ओलांडून खालच्या मूळ जमिनीत गेला पाहिजे. ‘भराव दोन पावसाळे बसला की पक्का होतो’ अशी समजूत आहे. तो थोडा दबतो हे खरं, पण घराचा भार घेण्याइतका घट्ट होत नाही.

धक्क्यालाही स्वतःचा पाया लागतो, तोही मुरमात. दगडी धक्क्याची तळाची रुंदी उंचीच्या साधारण निम्मी धरावी. ६ फुटांच्या धक्क्याला तळाशी ३ फूट. दर्शनी बाजू ओळंब्यात सरळ न ठेवता डोंगराकडे किंचित कललेली हवी. सिमेंटमध्ये बांधला असेल तर दर ४-५ फुटांवर ३-४ इंची पाईपची भोकं सोडावीत आणि मागे फूटभर रुंदीत दगड-खडी भरावी, म्हणजे पाणी अडून राहणार नाही. बहुतेक धक्के मातीच्या भाराने पडत नाहीत, मागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने पडतात. या बाबतीत जुना कोरडा दगडी गडगा कित्येकदा सिमेंटच्या बंद भिंतीपेक्षा शहाणा ठरतो, कारण त्याच्या फटींतून पाणी आपोआप निघतं. भराव मात्र ६ ते ९ इंचांच्या थराने टाकून धुमसत यावा. डंपरने एकदम ओतलेला भराव पावसात खाली बसतोच.

डोंगराकडचा कापही तितकाच महत्त्वाचा. उभा काप म्हणजे वरच्या डोंगराचा खालचा टेकू काढून घेणं. काप कमीत कमी ठेवावा, तिरका ठेवावा आणि त्याच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्ये निदान कापाच्या उंचीइतकी मोकळी जागा सोडावी. कापाला चिकटून मोरी किंवा स्वयंपाकघर बांधू नये. पावसाळ्यात रात्री पहिली माती तिथेच येते.

पाण्याची वाट आधी, पायाचा चर नंतर

या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे ३० चौरस मीटरच्या छपरावरून एका हंगामात सुमारे ९० हजार लिटर पाणी पागोळ्यांनी खाली पडतं. हे सगळं पाणी पायाच्या कडेला पडून तिथेच मुरलं तर मुरूमसुद्धा सैल होतो. म्हणून पन्हाळ लावून पाणी पक्क्या गटारात आणि तिथून घरापासून लांब, नैसर्गिक वहाळात सोडावं. शेजाऱ्याच्या कापावर नव्हे.

कापाच्या वर, कडेपासून काही फूट मागे, पाणी अडवून बाजूला नेणारा चर हवा. तो शक्यतो दगड-सिमेंटने बांधलेला असावा. कच्चा चर तुंबला की पाणी तिथेच मुरतं आणि फायद्याऐवजी नुकसान होतं. दर वर्षी मे अखेरीला तो साफ करावा.

शोषखड्डा आणि शौचालयाची टाकी यांचाही विचार हवा. सपाट गावात शोषखड्डा उत्तम. तीव्र उतारावर मात्र घराच्या वरच्या अंगाला किंवा धक्क्याच्या मागे शोषखड्डा घेणं म्हणजे बारा महिने पायात पाणी सोडणं. तो घराच्या बाजूला, खालच्या अंगाला, धक्क्यापासून आणि शेजारच्या खालच्या घरापासून दूर घ्यावा. वस्तीच्या डोक्यावरच्या उतारावर पाणी मुरवणारे चर खणण्याचं काम निघालं तर ग्रामसभेतच विचारावं की जागा तज्ज्ञांनी पाहिली आहे का.

काम कधी काढायचं

घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांवर मिळतात. त्यामुळे जोतं लवकर उरकून पुढचा हप्ता घ्यायची घाई असते आणि त्या घाईत पायाच आखूड होतो. पाऊस थांबल्यावर, दिवाळीनंतर खणायला घ्यावं. तेव्हा जमिनीत ओल असते, पाझर कुठे आहे ते खड्ड्यात दिसतं आणि काँक्रीटवर मारायला झऱ्याला पाणीही असतं. होळीपर्यंत जोतं पूर्ण झालं की धक्का आणि गटार मेअखेर होतात. एप्रिलमध्ये डोंगर कापून उघडा ठेवायचा आणि पाया पावसाळ्यानंतर घ्यायचा, हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. पहिल्याच मुसळधार पावसात तो काप खाली येऊ शकतो.

पैसे कमी असतील तर रंग, टाइल्स, ग्रील, पुढची गॅलरी यांना थांबवता येतं. त्या गोष्टी पाच वर्षांनीही होतात. पाया नंतर खोल करता येत नाही.

पाया भरण्याआधी गवंडी किंवा ठेकेदाराला हे विचारा

• चारही कोपऱ्यांत किती फुटांवर मुरूम किंवा कातळ लागला? खड्ड्यात टेप धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा.
• एकही फुटिंग किंवा भिंत भरावावर येते आहे का?
• पायाचा तळ आडवा आहे का? नळी लावून दाखवा.
• दरीकडच्या फुटिंगपासून उताराची कड किती फूट आहे?
• सगळे कॉलम प्लिंथ बीमने जोडले जाणार का?
• धक्क्याला पाणी जायला भोकं आणि मागे खडी आहे का?
• छपराचं, मोरीचं आणि डोंगराचं पाणी कुठून कुठे जाणार?

या प्रश्नांची उत्तरं ‘होईल सगळं बरोबर’ अशी आली तर काँक्रीटची गाडी थांबवलेली बरी. घरकुल लाभार्थ्यांना पंचायत समितीतल्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याला पाया भरण्याआधी जागेवर येण्याची विनंती करता येते. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. जागाच धोक्याची असेल आणि दुसरी जमीन नसेल तर भूमिहीन लाभार्थ्यांना जागा खरेदीसाठी अर्थसाहाय्य देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. तिचीही चौकशी तिथेच करावी.

घर आधीच बांधून झालं असेल तर

ज्यांची घरं अर्धी भरावावर आहेत त्यांनी घाबरून जाण्यापेक्षा पाण्याकडे लगेच लक्ष द्यावं. पन्हाळ, वरचा चर, तुंबलेली धक्क्याची भोकं, गळणारी पाण्याची टाकी, एवढं दुरुस्त केलं तरी बराच धोका कमी होतो. भिंतीच्या चिरेवर पेन्सिलने दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहून ठेवावी. चीर तिथेच थांबली तर जमीन स्थिरावली असू शकते. ती दर महिन्याला पुढे सरकत असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय प्लास्टर करून झाकू नये.

पावसाळ्यात मात्र काही खुणा दिसल्या तर चर्चा करत बसायचं नाही. अंगणात किंवा वरच्या उतारावर नवी लांब भेग पडणं, झाडं किंवा विजेचे खांब अचानक कलणं, स्वच्छ झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी येणं किंवा वाहतं पाणी अचानक बंद होणं, दारं-खिडक्या एका रात्रीत अडकणं, डोंगरातून गडगडल्यासारखा आवाज येणं. यांपैकी काहीही दिसलं तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना आधी बाहेर काढावं, उताराच्या खालच्या दिशेने नव्हे तर बाजूला सुरक्षित जागी जावं, शेजारच्या घरांना उठवावं आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ किंवा ११२ वर फोन करावा.

उतारावर घर बांधणं गुन्हा नाही, आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या लोक ते करत आले आहेत. पण त्यांनी डोंगर थोडा कापला, घर हलकं ठेवलं आणि पाण्याला वाट दिली. आता घर जड झालं आणि जेसीबीमुळे डोंगर कापणं सोपं झालं. तेव्हा पाया कशावर टेकतो आहे, हे खड्ड्यात उतरून स्वतःच्या डोळ्यांनी बघण्याची जबाबदारी घरमालकावरच येते. जेसीबीच्या दोन तासांच्या आधी चाचणीच्या खड्ड्यांसाठी एक दिवस द्यावा. तो वाया जात नाही.